लिव्हर बदललेल्या बाळाच्या रक्तवाहिन्या: एका आजोबांच्या तीन प्रश्नांना उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नातू अकरा महिन्यांचा, वजन सात किलो. जन्मतःच पित्तनलिका बंद असण्याचा आजार, म्हणजे बिलिअरी अट्रेसिया. दोन महिन्यांचा असताना कासाई ऑपरेशन, म्हणजे पित्त उतरावं म्हणून लिव्हर थेट आतड्याला जोडण्याचं ऑपरेशन, झालं, पण कावीळ उतरली नाही, म्हणून सूनबाईंनी आपल्या लिव्हरचा तुकडा दिला. ऑपरेशन चांगलं झालं असं सांगितलं गेलं. पाचव्या दिवशी संध्याकाळच्या डॉप्लरनंतर (रक्तवाहिन्यांतला प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) एकदम धावपळ सुरू झाली आणि ‘धमनीत गुठळी झाली आहे’ म्हणून बाळाला त्याच रात्री परत ऑपरेशनला घेतलं. आता दीड महिना झाला, बाळ घरी आहे, खातंपितं आहे, रिपोर्ट नॉर्मल आहेत. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: सूनबाईंच्या लिव्हरमध्ये काही दोष होता का, हे पुन्हा होईल का, आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल असताना नुसत्या डॉप्लरसाठी सोलापूरहून पुण्याला खेपा कशाला घालायच्या.

पहिल्याचं उत्तर आधी देते, कारण ते आजच घरात बोलायला हवं. सूनबाईंच्या लिव्हरमध्ये दोष असता तर त्यांना दाता म्हणून कुणी घेतलंच नसतं. दात्याचा सीटी स्कॅन करून लिव्हरमधल्या धमन्या आणि शिरा कुठून येतात, कुठे फुटतात हे आधी बघितलं जातं. तुकडा कुठून कापायचा हे त्यावरून ठरतं. गुठळी होण्याची कारणं बहुतांशी बाळाच्या आकारात, त्याच्या मूळ आजारात आणि ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही दिवसांत रक्ताची जी अवस्था असते तिच्यात असतात. ‘माझंच लिव्हर त्याला सोसलं नाही’ असं म्हणत रडणाऱ्या आया मी पुष्कळ पाहिल्या आहेत. तुमच्या घरात तसं कुणी म्हणत असेल, तर आजोबा म्हणून तुम्हीच ते थांबवा.

आता हे घडतं कसं ते सांगते. मोठ्या माणसाचं लिव्हर साधारण सव्वा ते दीड किलोचं असतं. त्याच्या डाव्या बाजूचा दोनशे-अडीचशे ग्रॅमचा भाग बाळाला बसवतात. सात किलोच्या बाळाच्या पोटात तोही दाटीवाटीनेच बसतो. या तुकड्याला तीन रक्तवाहिन्या जोडाव्या लागतात. हेपॅटिक आर्टरी ही धमनी शुद्ध रक्त आणते. पोर्टल व्हेन आतड्यांकडचं आणि प्लीहेकडचं रक्त आणते. लिव्हरला मिळणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाऊण हिस्सा हिचा. हेपॅटिक व्हेनमधून सगळं रक्त बाहेर पडून हृदयाकडे जातं. तिन्हींमध्ये अडथळा येऊ शकतो. तो कधी येतो आणि कशावरून कळतो, हे मात्र प्रत्येकीचं वेगळं आहे.

सगळ्यात नाजूक धमनी. तुकड्यातली धमनी जेमतेम दोन मिलिमीटर व्यासाची, कधी त्याहूनही बारीक, आणि ती बाळाच्या तेवढ्याच बारीक धमनीला शिवायची. धागा डोक्याच्या केसाहून बारीक असतो. सर्जन मायक्रोस्कोपखाली किंवा डोळ्यांवर भिंग लावून एकेक टाका घालतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमधल्या क्योटो विद्यापीठात ही जोडणी मायक्रोस्कोपखाली करायला सुरुवात झाली आणि धमनीत गुठळी होण्याचं प्रमाण एकदम खाली आलं. तरीही ते शून्य झालेलं नाही. जगभरातली बहुतेक केंद्रं लहान मुलांमध्ये हे प्रमाण साधारण ५ ते १० टक्क्यांच्या आसपास सांगतात, काही अनुभवी केंद्रांत ते आणखी कमी आहे. मोठ्या माणसांत ते यापेक्षा बरंच कमी असतं.

टाके उत्तम पडले तरी गुठळी होते, याचं कारण रक्तात आहे. रक्त गोठवणारे घटक लिव्हरच बनवतं, आणि रक्त नको तिथे गोठू नये म्हणून लागणारे घटकसुद्धा लिव्हरच बनवतं. नवं लिव्हर कामाला लागेपर्यंत दोन्ही कमी असतात. त्यात बाळाच्या शरीरात या दोन बाजूंचं गणित नाजूकच असतं; ते कधी रक्तस्रावाकडे झुकतं, कधी गुठळीकडे. हे वैद्यकशास्त्राला अगदी पहिल्या ट्रान्सप्लांटपासून माहीत आहे. १९६३ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला डॉ. थॉमस स्टार्झल यांनी माणसावरचं पहिलं लिव्हर ट्रान्सप्लांट केलं. ते बिलिअरी अट्रेसियाच्याच तीन वर्षांच्या मुलावर होतं, आणि तो मुलगा टेबलावरच रक्तस्रावाने गेला. पुढच्या रुग्णांत रक्तस्राव होऊ नये म्हणून गोठवणारी औषधं भरपूर दिली, तर गुठळ्या झाल्या आणि त्या फुप्फुसात जाऊन अडकल्या. आज इतक्या वर्षांनी आमच्याकडे औषधं आणि यंत्रं खूप चांगली आहेत, पण आयसीयूमध्ये पहिल्या आठवड्यात सांभाळावा लागणारा तोल तोच आहे.

म्हणूनच नातेवाईकांना न पटणाऱ्या दोन गोष्टी आम्ही मुद्दाम करतो. एक म्हणजे आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, दोनच्या घरात असला तरी रक्तस्राव होत नसेल तर प्लाझ्मा चढवत नाही. दुसरी म्हणजे हिमोग्लोबिन आठ-नऊवर असलं तरी लगेच रक्त देत नाही. ‘डॉक्टर, रक्त कमी आहे, चढवा ना, आम्ही दाते उभे करतो’ हे वाक्य मला ट्रान्सप्लांटच्या वॉर्डात सतत ऐकू येतं. पण त्या दिवसांत रक्त थोडं पातळ असलेलंच बरं. दाट रक्त दोन मिलिमीटरच्या धमनीतून रेंगाळत जातं.

धमनी बंद झाली तर एवढी धावपळ का, तर पित्तनलिकांमुळे. लिव्हरच्या पेशींना पोर्टल व्हेनचंही रक्त मिळतं, त्यामुळे त्या काही काळ तग धरतात. नव्या लिव्हरच्या पित्तनलिका मात्र पूर्णपणे धमनीवरच जगतात. धमनी बंद राहिली की त्या सडू लागतात, पित्त गळतं, लिव्हरमध्ये पू साठतो. आणि यातलं काहीही पहिल्या काही तासांत वरून दिसत नाही. बाळ हसत असतं, एसजीपीटी (लिव्हरच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारा आकडा) कालच्यापेक्षा कमी आलेलं असतं, कावीळ उतरत असते. नुसत्या रक्ताच्या रिपोर्टवर विसंबलं तर एसजीपीटी उसळायची, ताप यायची वाट बघावी लागते, आणि तोवर बऱ्याचदा लिव्हर हातचं गेलेलं असतं.

म्हणून पहिल्या आठवड्यात रोज, बऱ्याच ठिकाणी दिवसातून दोनदा, खाटेपाशीच डॉप्लर करतात. तुम्ही ते पाहिलं असेल. बाळ रडत असतं, पोटावर ड्रेसिंग असतं, रेडिओलॉजिस्ट उरलेल्या बोटभर जागेतून प्रोब टेकवून धमनी शोधत असतो. सापडली की पडद्यावर हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी एक टोकदार लाट उठते आणि मशीनमधून ठोक्यांचा आवाज येतो. लाटेचं टोक बोथट झालं, चढ मंद झाला, रेझिस्टिव्ह इंडेक्स नावाचा आकडा ०.५ च्या खाली आला, तर वर कुठेतरी धमनी आवळली आहे असा संशय घ्यायचा. लाट सापडलीच नाही तर दुसरा अनुभवी माणूस बोलवायचा. तरीही नाही सापडली तर सीटी अँजिओग्राफी, आणि बाळ तेवढा वेळ थांबण्याच्या स्थितीत नसेल किंवा शंका दाट असेल तर सरळ ऑपरेशन थिएटर. तुमच्या नातवाच्या बाबतीत संध्याकाळी डॉप्लर आणि रात्री ऑपरेशन झालं, म्हणजे गुठळी लवकर सापडली आणि वेळ दवडला गेला नाही. गुठळी काढून धमनी पुन्हा जोडली गेली आणि दीड महिन्यानंतर बाळाचे रिपोर्ट चांगले आहेत. हे फार मोलाचं आहे. उशीर झाला असता तर दुसरं लिव्हर शोधायची वेळ आली असती, आणि आपल्याकडे एवढ्या लहान बाळाला जुळणारा मेंदूमृत दाता वेळेत मिळणं अवघड. मग घरातलाच दुसरा कुणी तयार करावा लागतो.

हे पुन्हा होईल का? धमनीपुरतं बोलायचं तर सगळ्यात धोक्याचा काळ पहिला महिना, त्यातही पहिले दोन आठवडे. ते तुम्ही पार केले आहेत. उशिरा धमनी बंद झालीच, तर मुलांच्या शरीरात आजूबाजूने बारीक पर्यायी वाहिन्या तयार झालेल्या असतात आणि काही मुलांना त्रासही होत नाही. पण धमनीचा प्रवाह थोड्या वेळासाठी का होईना थांबला होता, त्यामुळे पित्तनलिका पुढच्या काही महिन्यांत अरुंद होऊ शकते. थंडी वाजून ताप, अंगाला खाज, शी पांढुरकी होणं, आणि रिपोर्टमध्ये जीजीटी व अल्कलाइन फॉस्फेटेज हे पित्तमार्गाचे आकडे चढत जाणं, ही त्याची चिन्हं. या बाळांची पित्तनलिका थेट आतड्याला जोडलेली असते, त्यामुळे तोंडातून दुर्बीण घालून तिथपर्यंत पोचणं कठीण. बहुधा कातडीतून लिव्हरमध्ये बारीक नळी घालून नलिका रुंद करतात. हा उपाय महिनोन्‌महिने चालतो, पण चालतो.

आता पोर्टल व्हेन. तुम्हाला माझ्या उत्तरातला एकच भाग लक्षात ठेवायचा असेल, तर हा ठेवा. धमनीच्या वेळी सगळी टीम डोळ्यांत तेल घालून जागी असते. पोर्टल व्हेन मात्र एखाद्या वर्षाने, कधी चार वर्षांनी आवळत जाते, जेव्हा सगळे निर्धास्त झालेले असतात.

बिलिअरी अट्रेसियाच्या बाळांची स्वतःची पोर्टल व्हेन मुळातच बारीक झालेली असते. लिव्हर कठीण झाल्याने प्रवाह मंदावलेला असतो, कासाई ऑपरेशननंतर पित्तमार्गाच्या जंतुसंसर्गाने आजूबाजूला सूज आणि चिकटे झालेले असतात. पाच मिलिमीटरची अपेक्षा असताना तीन-साडेतीनचीच शीर हाती येते. सर्जन तिला मागे, जिथे ती रुंद असते तिथपर्यंत कापतात, कधी मध्ये दुसऱ्या शिरेचा तुकडा जोडतात. बाळ वाढतं, लिव्हर वाढतं, पण जोडाच्या जागचा व्रण त्या प्रमाणात वाढत नाही. टाका घालतानाच गाठ थोडी सैल ठेवून वाढीला जागा देतात, तरी काही मुलांत जोड अरुंद राहतोच.

मग काय होतं? लिव्हरला धमनीचं रक्त मिळत असतं, त्यामुळे लिव्हर खुशाल असतं. बिलीरुबिन नॉर्मल, एसजीओटी-एसजीपीटी नॉर्मल, अल्ब्युमिन नॉर्मल. पण आतड्यांकडून आणि प्लीहेकडून येणारं रक्त अडतं, प्लीहा फुगते आणि प्लेटलेट तिच्यात अडकून पडतात. आई-वडील दर वेळी लिव्हर फंक्शनच्या पानावर नजर फिरवतात आणि ‘सगळं छान’ म्हणून फाइल बंद करतात. मी आधी सीबीसीचं, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचं, पान उघडते. समजा ट्रान्सप्लांटनंतर तीन महिन्यांनी प्लेटलेट दोन लाख दहा हजार होत्या. सहा महिन्यांनी एक लाख सत्तर, वर्षाने एक लाख तीस, दीड वर्षाने पंच्याण्णव हजार. यातल्या सुरुवातीच्या रिपोर्टवर कुणी बोट ठेवणार नाही, एक लाख तीस हजारसुद्धा ‘थोड्याच कमी’ म्हणून सोडून दिल्या जातात. पण चारही आकडे एका ओळीत लिहिले की पोर्टल व्हेन बघायलाच हवी. तसं कुणी बघितलं नाही, तर पहिलं लक्षण म्हणून रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शी समोर येते, अगदी खेळत्या-बागडत्या मुलात.

प्लेटलेट कमी व्हायला इतर कारणंही असतात, हे खरं. विषाणूंविरुद्धची काही औषधं प्लेटलेट उतरवतात. आणि आपल्याकडे पावसाळ्यात प्लेटलेट उतरल्या की घरचे, शेजारचे आणि कधी गावातले डॉक्टरही डेंग्यूच म्हणतात. डेंग्यू असूही शकतो. पण डेंग्यूत उतरलेल्या प्लेटलेट साधारण पंधरवड्यात परत वर येतात. त्या खालीच राहिल्या किंवा बोटाला प्लीहा लागू लागली, तर डॉप्लरशिवाय समाधान मानू नका.

वेळेत सापडलं तर याला चांगला उपाय आहे. भूल देऊन, सोनोग्राफीत बघत, कातडीतून लिव्हरमधल्या शिरेत सुई जाते. तिच्यातून तार अरुंद जागेपलीकडे नेतात, दोन्हीकडचा दाब मोजतात आणि मग बलून फुगवतात. एक्सरेच्या पडद्यावर बलूनच्या मधोमध करगोटा आवळल्यासारखी खाच दिसते, आणि दाब वाढवत नेला की ती एका क्षणी मोकळी होते. बऱ्याच मुलांना एकदा-दोनदा केल्यावर पुरतं. वारंवार आवळत असेल तर स्टेंटचा विचार होतो, पण लहान बाळात आम्ही तो लांबवतो. धातूची नळी बाळाबरोबर वाढत नाही. शीर पूर्ण बंद होऊन जुनी झाली असेल आणि तार पलीकडे जातच नसेल, तर मेसो-रेक्स बायपास नावाचं ऑपरेशन आहे. मुलाच्या मानेतली शीर काढून आतड्याकडचं रक्त थेट लिव्हरच्या डाव्या पोर्टल शिरेत पोचवायचं. बेल्जियममधल्या डॉ. जाँ द व्हिल द गोये यांनी ते १९९२ मध्ये केलं, आणि तेही ट्रान्सप्लांटनंतर पोर्टल व्हेन बंद पडलेल्या मुलांसाठीच. म्हणजे पूर्ण बंद झाली तरी मार्ग आहे. पण बलूनवर भागण्यासारखी गोष्ट बायपासपर्यंत का जाऊ द्यायची?

तिसरी, बाहेर जाणारी हेपॅटिक व्हेन. हिचा त्रास या दोघींपेक्षा कमी मुलांना होतो आणि तो डोळ्यांना दिसतो. तुकडा वाढताना थोडा उजवीकडे सरकतो, शिरेला पीळ किंवा ताण बसतो, रक्त लिव्हरमध्येच तुंबतं. पोट फुगतं, पोटात पाणी होतं, वजन अचानक वाढतं, आणि घरचे खुश होतात की बाळ बाळसं धरतंय. आठवड्यातून एकदा सकाळी बेंबीवरून टेपने पोटाचा घेर मोजून वहीत लिहा. हातपाय तसेच बारीक आणि घेर वाढतोय, चड्डीचं इलॅस्टिक रुततंय, तर फोन करा. इथेही बहुतेक वेळा मानेतल्या शिरेतून बलून नेऊन काम होतं.

आता तुमचा तिसरा प्रश्न, पुण्याच्या खेपांचा. तुमची ओढाताण मला समजते: गाडीभाडं, मुलाची बुडणारी रजा, जखमेच्या दुखण्यासकट प्रवास करणारी सूनबाई. रक्ताच्या तपासण्या सोलापुरात करून रिपोर्ट पाठवले तर चालतात, फक्त टॅक्रोलिमसची, म्हणजे शरीराने नवं लिव्हर नाकारू नये (रिजेक्शन होऊ नये) म्हणून दिलेल्या औषधाची, पातळी कुठल्या लॅबमध्ये आणि औषधाच्या आधी किती वाजता बघायची हे टीमला विचारून पक्कं करा. डॉप्लरचं तसं नाही. सोलापुरातले रेडिओलॉजिस्ट कमी शिकलेले आहेत असं मी म्हणत नाही. पण डाव्या तुकड्याच्या लिव्हरमध्ये वाहिन्या नेहमीच्या जागी नसतात. ज्यांना ऑपरेशनमध्ये काय कुठे जोडलं हे माहीत आहे आणि ज्यांच्याकडे रक्तप्रवाहाचे मागचे वेग लिहिलेले आहेत, त्यांनाच बारीक फरक कळतो. पहिलं वर्षभर तरी डॉप्लर तिथेच करा. त्यानंतर सगळं स्थिर असेल तर मधली एखादी तपासणी गावाजवळ करता येईल का, हे टीमशी बोला. प्रत्येक केंद्राचं वेळापत्रक थोडं वेगळं असतं. डॉप्लरआधी बाळाला किती तास उपाशी ठेवायचं ते विचारून घ्या आणि दर वेळी तेच पाळा, कारण पोट भरलं की पोर्टल व्हेनचा वेग बदलतो आणि मागच्या रिपोर्टशी ताळा बसत नाही.

याच संदर्भात एक आग्रहाची गोष्ट. पुढे कधी एसजीपीटी वाढलं आणि कुणी ‘रिजेक्शन असेल, स्टेरॉइड वाढवू’ म्हणालं, तर आधी डॉप्लर झालं का ते विचारा. रक्तवाहिनीतल्या अडथळ्यानेही एसजीपीटी वाढतं, आणि तिथे स्टेरॉइडचा उपयोग नाही. बायोप्सीची सुई घालण्याआधीसुद्धा डॉप्लर हवंच.

घरात सांभाळायचं ते फार नाही. जुलाब-उलट्या झाल्या तर ‘दोन दिवस बघू’ म्हणायचं नाही. पाणी कमी झालं की रक्त दाट होतं आणि गुठळीचा धोका वाढतो. शिवाय जुलाबात टॅक्रोलिमसची पातळी चढते आणि किडनीवर ताण येतो. ओआरएस लगेच सुरू करा, त्याच दिवशी फोन करा, आणि बाळ पाणी पोटात ठेवत नसेल तर जवळच्या हॉस्पिटलमध्ये सलाइन लावा. बाळाला अॅस्पिरिन चालू असेल, तर ते धमनीसाठी आहे. बहुतेक ठिकाणी ते काही महिने देतात. स्वतःहून बंद करू नका, पण ताप आला, घरात कुणाला कांजिण्या किंवा फ्लू झाला, किंवा डेंग्यूची शंका आली, तर त्याच दिवशी टीमला कळवा, कारण अशा वेळी ते थांबवावं लागू शकतं. तापाला डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात पॅरासिटामॉल; आयब्युप्रोफेन नाही. प्लेटलेट वाढाव्यात म्हणून पपईच्या पानांचा रस, गुळवेलीचा काढा असलं काही देऊ नका. गुळवेलीने लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईतल्याच डॉक्टरांनी प्रसिद्ध केल्या आहेत.

रक्ताची उलटी किंवा काळी शी झाली तर मात्र थेट पुण्याची गाडी पकडू नका. आधी सोलापुरातल्याच, जिथे रक्तपेढी आणि मुलांचं आयसीयू आहे अशा हॉस्पिटलमध्ये न्या. तिथून तुमच्या टीमला फोन लावून द्या, बाळ स्थिर झालं की मग ॲम्ब्युलन्सने हलवा. ते हॉस्पिटल कोणतं हे आत्ताच ठरवा. डिस्चार्ज कार्डबरोबर दोन्ही ऑपरेशनच्या नोंदी आणि रक्तवाहिन्यांच्या जोडणीचं हाताने काढलेलं चित्र सर्जनकडून मागून घ्या. मागितलं की ते देतात. त्याची एक प्रत तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडे ठेवा, एक फोनमध्ये. आणि वहीच्या पहिल्या पानावर आजपासूनच तारीख घालून प्लेटलेटचे आकडे एकाखाली एक लिहायला लागा, ट्रान्सप्लांटच्या आधीच्या आकड्यापासून.